हेत्वाभास : युक्तिवादातील चकवे

मराठी माणूस वादाला उभा राहिला की नकळत न्यायशास्त्राच्या परिभाषेत बोलू लागतो. 'उगाच वितंडवाद घालू नकोस', 'ह्याला प्रमाण काय?', 'आधी निर्णय कर, मग बोल', 'हा दृष्टांत येथे लागू पडत नाही' अशी वाक्ये आपण पारावर, बाजारात, एस. टी. च्या रांगेत रोज ऐकतो. प्रमाण, संशय, दृष्टांत, सिद्धांत, निर्णय, वाद, वितंडा हे सारे शब्द गौतमाच्या न्यायसूत्रांतील अगदी पहिल्या सूत्रात मोजून दाखविलेल्या सोळा पदार्थांपैकी आहेत. त्या यादीतला तेरावा पदार्थ म्हणजे 'हेत्वाभास'. बाकीचे शब्द आपल्या बोलीत उतरले. हा एक मात्र पुस्तकातच राहून गेला. वस्तुतः व्यवहारात त्याचीच गरज सर्वांत अधिक आहे.

हेतू म्हणजे एखादी गोष्ट सिद्ध करण्यासाठी पुढे केलेले कारण. जे कारण खरोखर कारण नसते, पण कारणासारखे भासते, तो हेत्वाभास. अंधाऱ्या रात्री माळरानावर माणसाला चकवा लागतो असे आपल्याकडे म्हणतात. वाट तर चालतो आहोत असे वाटते, पाय दुखतात, पण पहाटे पाहावे तो आपण होतो तेथेच! सदोष युक्तिवादाचे असेच असते. 'कारण', 'म्हणून', 'अर्थात' हे शब्द जागच्या जागी असतात. विचार पुढे गेल्यासारखा वाटतो. आणि प्रत्यक्षात तो एक पाऊलही सरकलेला नसतो.

हा विषय केवळ तर्कशास्त्राच्या पेपरापुरता नाही. कोणत्या बियाण्याची पिशवी घ्यावी, बोअर कोठे घ्यावे, आजाऱ्याला कोणाकडे न्यावे, मत कोणाला द्यावे ह्या सर्व ठिकाणी कोणीतरी आपल्यापुढे हेतू मांडीत असतो. तो सदोष असला तर त्याची किंमत युक्तिवाद करणारा देत नाही, ऐकणारा देतो.

अनुमानाची घडण

दोष ओळखण्यापूर्वी निर्दोष अनुमान कसे असते हे पाहिले पाहिजे. नैयायिकांनी त्याचे पाच अवयव सांगितले आहेत. 'त्या डोंगरावर अग्नी आहे' ही प्रतिज्ञा. 'कारण तेथे धूर दिसतो' हा हेतू. 'जेथे जेथे धूर असतो तेथे तेथे अग्नी असतो, जसे स्वयंपाकघरात' हे उदाहरण. 'ह्या डोंगरावरही तसाच धूर आहे' हा उपनय. 'म्हणून तेथे अग्नी आहे' हे निगमन. ज्याविषयी आपण बोलतो तो डोंगर म्हणजे 'पक्ष', जे सिद्ध करावयाचे तो अग्नी म्हणजे 'साध्य', आणि ज्याच्या बळावर सिद्ध करावयाचे तो धूर म्हणजे 'हेतू'.

ह्या सर्व रचनेचा प्राण आहे 'जेथे जेथे' ह्या दोन शब्दांत. हेतू आणि साध्य ह्यांच्या अभंग साहचर्याला 'व्याप्ती' म्हणतात. धूर आहे आणि अग्नी नाही असे एकही स्थळ सापडता कामा नये. सापडले तर पाचही अवयव जागच्या जागी असून अनुमान कोसळते. व्याप्ती तपासण्याच्या दोन वाटा आहेत. हेतू असेल तेथे साध्य असते का हे पाहणे म्हणजे अन्वय. साध्य नसेल तेथे हेतूही नसतो का हे पाहणे म्हणजे व्यतिरेक. आपण सामान्यतः पहिलीच वाट चालतो, दुसऱ्या वाटेकडे फिरकतही नाही. बहुतेक चकवे तेथेच लागतात.

पाच हेत्वाभास

गौतमाने हेत्वाभास पाच सांगितले. पुढच्या ग्रंथांत त्यांची नावे व अर्थ थोडे बदलले, पण पाच ही संख्या टिकली. सतराव्या शतकातील अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त ते ज्या रूपात आले आहेत तेच आपण आपल्याकडील उदाहरणांनी पाहू.

पहिला 'सव्यभिचार'. येथे हेतू एकनिष्ठ नसतो; तो साध्याबरोबरही नांदतो आणि साध्य नसेल तेथेही नांदतो. आपल्या भागात विहिरीची वा बोअरची जागा दाखविणारे पाणाडे आहेत. तळहातावर आडवा ठेवलेला नारळ उभा राहिला की खाली पाणी आहे, असा त्यांचा हेतू. अन्वय पुष्कळांना ठाऊक असतो : 'अमक्याच्या शेतात नारळ उभा राहिला आणि पाणी लागले.' पण नारळ उभा राहिला आणि बोअर कोरडे गेले, अशी किती उदाहरणे? आणि जेथे नारळ उभा राहिला नाही, तेथे कोणी खोदून पाहिले काय? दख्खनच्या खडकात झिजलेले व भेगाळलेले थर पुष्कळ ठिकाणी पाणी धरून असतात. काही बोअरांना पाणी तसेही लागणारच. पाणी लागले की पाणाड्याचे नाव होते, नाही लागले तर शेतकऱ्याचे नशीब आड येते. अशा हिशेबात हेतू कधीच हरत नाही, आणि म्हणूनच तो काही सिद्धही करीत नाही.

दुसरा 'विरुद्ध'. येथे हेतू साध्याच्या नेमके उलट सिद्ध करतो. 'आमच्या शिवारातले पाणी कधी संपायचे नाही. दरवर्षी बोअर शंभर फूट आणखी खाली नेले की पाणी लागतेच!' बोअर दरवर्षी खाली न्यावे लागते, हाच पाणी संपत चालल्याचा पुरावा नव्हे काय? बोलणारा मोठ्या विश्वासाने बोलतो आणि आपल्याच तोंडाने प्रतिपक्षाची बाजू मांडून मोकळा होतो.

तिसरा 'सत्प्रतिपक्ष', ज्याला गौतमाने 'प्रकरणसम' म्हटले. येथे एका हेतूसमोर तितक्याच बळाचा दुसरा हेतू उभा असतो. 'ह्यांनाच निवडून द्या, कारण ते पंधरा वर्षे पदावर आहेत, अनुभव दांडगा.' 'ह्यांना मुळीच निवडू नका, कारण ते पंधरा वर्षे पदावर आहेत, आता पुरे.' हेतू एकच, निष्कर्ष दोन. पंधरा वर्षांत काम काय झाले हे कोणी सांगत नाही तोवर तराजूचा काटा मध्येच राहणार.

चौथा 'असिद्ध'. येथे हेतू स्वतःच सिद्ध झालेला नसतो. आकाशकमळ सुगंधी आहे, कारण ते कमळ आहे, हे शास्त्रातील उदाहरण. कमळ सुगंधी असते हे ठीक, पण आकाशकमळ मुळात आहे कोठे? 'त्या बाईच्या नजरेने म्हैस आटली' ह्या बोलण्यात म्हैस आटली हे खरे असेल. पण नजर नावाची काही शक्ती असते हे कोणी, केव्हा सिद्ध केले? जे अजून सिद्ध व्हावयाचे आहे तेच कारण म्हणून पुढे करावयाचे आणि एका निरपराध स्त्रीच्या माथी खापर फोडावयाचे, असा हा प्रकार. ह्या दोषाने गावोगावच्या स्त्रियांना जे सोसावे लागले आहे ते पाहता, तर्कातील दोष हा निव्वळ शाब्दिक दोष नसतो हे पटावे.

पाचवा 'बाधित'. अग्नी थंड आहे, कारण पाण्यासारखाच तो द्रव्य आहे, असे कोणी म्हटले तर वाद घालण्याची गरज नाही. हात लावून पाहावा. जे प्रत्यक्षाने खोटे ठरले आहे ते सिद्ध करणारा हेतू बाधित. 'गावात पाणीटंचाई नाही, कारण नळयोजना कागदोपत्री पूर्ण झाली आहे,' असे कोणी म्हणाले तर कागद बाजूला ठेवून टँकरभोवती लागलेली हंड्यांची रांग पाहावी.

उपाधी : लपून बसलेले कारण

असिद्धाच्या पोटात एक प्रकार असा आहे की तो स्वतंत्रपणे समजून घेतलाच पाहिजे. धुरावरून अग्नी सिद्ध होतो हे आपण पाहिले. मग अग्नीवरून धूर सिद्ध होईल काय? वरवर पाहता काय हरकत आहे असे वाटते. पण जुन्या नैयायिकांनी उत्तर दिले : तापलेला लोखंडाचा गोळा पाहा. त्यात अग्नी आहे, धूर नाही. हे उदाहरण समजण्यासाठी जालन्याच्या विद्यार्थ्याला पोथी उघडण्याचे कारण नाही. येथील औद्योगिक वसाहतीत लोखंडी सळया तयार करणारे कारखाने आहेत. भट्टीतून बाहेर पडून रुळांवरून सरकत जाणारा लालभडक लोखंडी ठोकळा ज्याने पाहिला असेल, त्याला शास्त्रकारांचा गोळा डोळ्यांपुढे दिसेल.

मग चुलीत अग्नीबरोबर धूर का येतो? कारण तेथे ओले सरपण असते. धुराचे खरे कारण अग्नी अधिक ओले सरपण. हे ओले सरपण म्हणजे 'उपाधी'. साध्य असेल तेथे ती असतेच, पण हेतू असेल तेथे ती असेलच असे नाही. आपण हेतूकडे बोट दाखवितो, आणि काम करीत असते ती उपाधी. 'कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ' ह्या म्हणीतही आपल्या पूर्वजांनी हेच हेरले होते : फांदी आतून किडलेली होती, हे कावळ्याकडे पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. एक गोष्ट दुसरीच्या मागून घडली म्हणजे ती पहिलीमुळेच घडली, असे मानण्याचा हा 'काकतालीय' मोह सार्वत्रिक आहे. शिकलेल्यांना तो अधिकच होतो, कारण त्यांच्या हाती आकडे असतात.

आपल्याच अंगणातला एक वाद

ह्याचे मोठे उदाहरण आपल्याच जिल्ह्याशी निगडित आहे. बद्रीनारायण बारवाले ह्यांनी १९६४ साली जालन्यात महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी, म्हणजे 'महिको', सुरू केली. बियाण्याच्या क्षेत्रातील कार्याबद्दल त्यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. भारतात बीटी कपाशीच्या ज्या पहिल्या तीन संकरित वाणांना मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली, ते महिकोचे होते. त्यानंतर देशभर जो वाद पेटला त्यात दोन्ही बाजूंनी युक्तिवादांचा पाऊस पाडला. आपण बाजू न घेता फक्त हेतू तपासू.

पहिली बाजू म्हणाली : २००२-०३ मध्ये देशात रुईचे सरासरी उत्पादन हेक्टरी सुमारे ३०० किलो होते, २००७-०८ मध्ये ते साडेपाचशेच्या आसपास गेले, बीटी आल्यानंतर उत्पादन वाढले, म्हणून बीटीमुळे वाढले. आता उपाधी शोधू. २००२ हे देशभर मोठ्या अवर्षणाचे वर्ष होते. पुढची काही वर्षे पाऊस बरा झाला. ह्याच काळात गुजरातेत कपाशीखालील ओलीत वाढले, रस शोषणाऱ्या किडींवर नवी औषधे आली, खतांचा वापर वाढला. आणखी एक गोष्ट अशी की २००४-०५ मध्येच उत्पादन ४७० किलोच्या घरात पोचले होते, आणि त्या वर्षी मान्यताप्राप्त बीटी वाणांखाली एकूण कपाशी क्षेत्राचा दहा टक्केही भाग नव्हता. (मान्यता नसलेले बीटी बियाणेही काही भागांत पेरले जात होते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.) उलट पुढे नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र बीटीखाली आले तेव्हा उत्पादन त्या मानाने वाढले नाही; ते पाचशेच्या आगेमागेच घुटमळत राहिले. म्हणजे अन्वय ढिला आणि व्यतिरेकही ढिला.

दुसरी बाजू म्हणाली : बीटी आली आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या; म्हणून बीटीमुळेच आत्महत्या होतात. पहिल्या बाजूचे आकडे उधळून लावणारे कित्येक विचारवंत हा हेतू मात्र जसाच्या तसा स्वीकारीत होते. वस्तुतः दोष तोच आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने शेतकरी आत्महत्यांची वेगळी नोंद १९९५ पासून ठेवली आहे, आणि बीटीला परवानगी मिळण्यापूर्वीही त्या मोठ्या संख्येने होत होत्या. केरळातील वायनाडमध्ये कपाशी नव्हती. तेथे मिरी आणि कॉफीचे भाव कोसळले आणि शेतकऱ्यांनी जीव दिले. हेतू नाही तेथेही साध्य आहे! कोरडवाहू जमीन, सावकाराचे कर्ज, पडलेले भाव, हुकलेला पाऊस ही ओली लाकडे कोणी मोजावयाची?

मग खरे काय? सदोष हेतू टाकून दिले म्हणजे निष्कर्षही खोटा ठरतो असे नाही. हे सूत्र फार महत्त्वाचे आहे. बीटीच्या पहिल्या वर्षांत हिरव्या बोंडअळीचा बंदोबस्त झाला आणि तिच्यावरच्या फवारण्या कमी झाल्या, हे विधान आपल्या पायांवर उभे आहे. गुलाबी बोंडअळीने पुढे ह्या तंत्राला दाद दिली नाही आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात कपाशीचे अतोनात नुकसान झाले, हे विधानही खरे आहे. महागडे संकरित बियाणे दरवर्षी विकत घेऊन कोरडवाहू रानात लावणाऱ्याचा धोका वाढतो, हे म्हणणेही विचारात घ्यावे लागते. पण ही विधाने लहान आहेत, मोजूनमापून केलेली आहेत. 'बीटीने तारले' आणि 'बीटीने मारले' ह्या दोन आरोळ्यांच्या गदारोळात ती ऐकू आली नाहीत. मोंढ्यात दुकानापुढे उभ्या असलेल्या शेतकऱ्याला मात्र नेमकी तीच हवी होती : माझ्या रानात, माझ्या पाण्यावर, कोणत्या अळीसाठी, किती खर्चात?

उपाधी दूर कशी करावी?

ह्यावर कोणी विचारील की उपाधी तर कोठेही निघेल, मग काहीच सिद्ध करावयाचे नाही काय? तसे नाही. मराठवाड्यात २०१५ आणि २०१९ साली तेव्हाच्या औरंगाबादेहून विमाने उडवून कृत्रिम पावसाचे प्रयोग झाले. विमान गेले आणि पाऊस आला, तर तो विमानामुळे आला काय? ज्या ढगांत पाणी दिसते तेच ढग फवारणीसाठी निवडतात. ते एरवीही बरसले असते. ओले सरपण येथेही आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापूर परिसरात निराळी रीत वापरली. सारख्या जातीचे ढग निवडून काहींत बीजारोपण केले, काही तसेच सोडले, आणि दोहोंच्या पावसाची तुलना केली. त्यांना प्रयोगक्षेत्रात सरासरी १८ टक्के अधिक पाऊस आढळला. ही अन्वय आणि व्यतिरेक ह्या दोन्ही वाटा चाललेली परीक्षा होय. पाऊस पाहून टाळ्या वाजविणे सोपे आहे. ज्या ढगाला हात लावला नाही त्याचाही हिशेब ठेवणे म्हणजे विज्ञान.

शितावरून भात

'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण अनुमानाला पूरक की घातक? ती जेथे शोभते तेथे पूर्ण खरी आहे. एका भांड्यात, एका आचेवर, एकाच पाण्यात शिजलेल्या तांदळाचे एक शीत दाबून पाहणे पुरेसे असते, कारण सगळी शिते सारख्या परिस्थितीत असतात. पण जिल्हा म्हणजे भाताचे भांडे नव्हे. गोदाकाठच्या अंबडच्या काळ्या रानातले पीक पाहून भोकरदनच्या माळाविषयी बोलता येत नाही. एका विद्यार्थ्याने कॉपी केली म्हणून 'ह्या महाविद्यालयाची मुले अशीच', आणि एका जातीच्या माणसाने फसविले म्हणून 'ते लोक तसलेच' असे म्हणणे म्हणजे एका शितावरून साऱ्या गावाच्या चुलीवरचा भात ओळखणे होय. यादवकाळात केशिराजबासांनी संकलित केलेल्या 'दृष्टांतपाठा'त चक्रधरस्वामींचा हत्तीचा दृष्टांत आहे. प्रत्येक आंधळ्याच्या हाती हत्तीचा जो अवयव आला, तेवढाच त्याचा हत्ती. कोणी खोटे बोलत नव्हता. प्रत्येकाने आपले शीत म्हणजे भात मानला, एवढेच.

छल आणि रोजचे काही दोष

हेत्वाभासात बोलणाऱ्याची फसगत होते. छलात तो दुसऱ्याला फसवितो. शब्दाचा दुहेरी अर्थ साधून केलेला तो वाक्छल. शास्त्रातील उदाहरण 'नवकंबल' : एकजण म्हणतो ह्याच्याजवळ नवी घोंगडी आहे, दुसरा 'नव' म्हणजे नऊ घेऊन विचारतो, नऊ कोठे आहेत? 'प्रत्येक घरी नळ पोचला' ह्या घोषणेतही नळ पोचलेला असतो, पाणी नव्हे. 'आमच्याकडची मोसंबी गोड' असे सहज म्हटल्यावर एक आंबट फोड दाखवून सारे म्हणणे खोडणारा सामान्यछल करतो. 'मचाण ओरडते' म्हणजे मचाणावरचा राखणदार ओरडतो, हे समजत असूनही 'लाकूड कसे ओरडेल?' असे विचारणारा उपचारछल करतो.

ह्याखेरीज काही दोष इतके परिचयाचे आहेत की त्यांना नावे देण्याचेच काय ते बाकी आहे. मुद्दा सोडून गुद्द्यावर येणे हा त्यांतला पहिला. बोलणारा कोणत्या जातीचा, कोणत्या पक्षाचा, किती शिकलेला, हे सांगून त्याचे म्हणणे खोटे ठरत नाही. दुसरा बुजगावणे उभे करण्याचा. खरा माणूस दूर ठेवून त्याच्या जागी गवताचा पुतळा उभा करावयाचा आणि त्यालाच झोडपावयाचे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून महाराष्ट्रात जो वाद झाला त्यात प्रश्न वस्तुतः दोन होते : ही सुधारणा हवी काय, आणि ती परक्या सरकारच्या कायद्याने करून घ्यावी काय? आगरकरांचा भर पहिल्यावर होता. टिळकांच्या आक्षेपाचा मुख्य रोख दुसऱ्यावर होता. हे दोन प्रश्न एकत्र कालवले की एका बाजूला 'धर्मद्रोही' आणि दुसऱ्या बाजूला 'सुधारणेचा शत्रू' अशी दोन बुजगावणी तयार होतात. तिसरा दोष दोनच वाटा दाखविण्याचा : 'आमच्याबरोबर नाहीस म्हणजे तू त्यांचा!' चौथा आत्माश्रयाचा : 'अमुक महाराज कधी खोटे बोलत नाहीत, ते स्वतःच तसे सांगतात.'

थोरांच्या नावाचा आधार घेणे हा मात्र प्रत्येक वेळी दोष नव्हे. न्यायशास्त्राने शब्द हे प्रमाण मानले आहे, पण कोणाचा शब्द? आप्ताचा. ज्याला त्या गोष्टीचे प्रत्यक्ष ज्ञान आहे आणि जे आहे तेच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. हृदयविकाराविषयी डॉक्टर आप्त आहे. त्याच डॉक्टरने शेअरबाजाराविषयी सांगितले तर तो आपल्यासारखाच एक गृहस्थ. आणि आपल्याच बियाण्याची स्तुती करणारा विक्रेता ज्ञानी असला तरी आप्तपणाची दुसरी अट पुरी करीत नाही.

दोष ओळखण्याची रीत

ही सर्व नावे पाठ न झाली तरी चालेल. कोणताही युक्तिवाद पुढे आला की पाच प्रश्न विचारावेत. एक : नेमके काय सिद्ध करावयाचे आहे? (पुष्कळ वाद येथेच मिटतात.) दोन : दिलेले कारण स्वतः खरे आहे काय? तीन : कारण आहे पण कार्य नाही, किंवा कार्य आहे पण कारण नाही, अशी उदाहरणे आहेत काय? चार : मध्ये एखादे ओले सरपण दडले आहे काय? आणि पाच : हेच कारण माझ्या विरुद्ध पक्षाने दिले असते तर मी ते मानले असते काय?

हा पाचवा प्रश्न सर्वांत अवघड आहे. बीटीच्या वादात दोन्ही बाजूंना समोरच्याचा काकतालीय दिसला, स्वतःचा दिसला नाही. डोळा सर्व काही पाहतो, स्वतःला पाहत नाही.

वाद, जल्प आणि वितंडा

नैयायिकांनी चर्चेचे तीन प्रकार केले आहेत. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद. जिंकण्यासाठी होतो तो जल्प. त्यात छलही चालतो. आणि स्वतःचा पक्षच न मांडता केवळ दुसऱ्याचे खोडीत बसणे ही वितंडा. आपल्या महाविद्यालयांतून दरवर्षी वादविवाद स्पर्धा होतात. कोणती बाजू मांडावयाची हे त्यांत आधीच ठरलेले असते, आणि ढाल जिंकणे हे ध्येय. सभाधीटपणा येण्यासाठी ते आवश्यकही आहे. परंतु नावाने वाद असला तरी जातीने तो जल्प आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. ढाल घेऊन घरी गेल्यावर निदान एकदा तरी विरुद्ध बाजूचे सर्वांत बळकट कारण कागदावर लिहून काढावे. त्याला आपल्याजवळ उत्तर आहे काय हे स्वतःला विचारावे. ज्या विद्यार्थ्याला हे जमले त्याचे शिक्षण सुरू झाले असे म्हणता येईल.

शेवटी एक इशारा. हेत्वाभासांची नावे नव्याने कळली की जो तो दिसेल त्याला ती चिकटवीत सुटतो. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या प्रत्येक वाक्यात त्याला व्यभिचारी हेतू दिसतो, आणि दोष दाखविला म्हणजे आपण जिंकलो असे त्याला वाटते. आपल्या जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव आहे. दासबोधाच्या दुसऱ्या दशकात समर्थांनी प्रथम मूर्खाची लक्षणे सांगितली, आणि दशकाच्या शेवटी एक स्वतंत्र समास 'पढतमूर्खा'साठी राखून ठेवला. न शिकलेल्याच्या मूर्खपणापेक्षा शिकलेल्याच्या मूर्खपणाकडे वेगळे लक्ष द्यावे लागते, हे त्यांनी जाणले होते. न शिकलेल्या माणसाचे कारण पुष्कळदा कच्चे असते, पण निष्कर्ष अनुभवाने पक्का झालेला असतो. आपली कारणे सफाईदार असतात, आणि निष्कर्ष उसना. म्हणून दोष दाखविण्यापूर्वी समोरच्याला त्याचे म्हणणे नीट मांडण्यास मदत करावी, आणि मग हाच तराजू आधी आपल्या मतांना लावावा. त्यात जे उतरेल ते ठेवावे, न उतरेल ते सोडावे. तर्कशास्त्राचा एवढा उपयोग झाला तरी तो थोडा नव्हे.